ठेका बदलतो, तेव्हा गावाची माहिती कोणाकडे उरते?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा आणि तीन साधे प्रश्न विचारा. ऑनलाइन कामांचे लॉगिन आणि पासवर्ड कोणाकडे आहेत? ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल प्रत्यक्षात कोणाच्या ड्रॉवरमध्ये असते? या भागात काम करताना मला तिन्ही प्रश्नांचे बहुधा एकच उत्तर ऐकू येते: "संगणक परिचालकाकडे."

हा परिचालक ग्रामपंचायतीचा कर्मचारी नाही आणि जिल्हा परिषदेचाही नाही. तो ठेका घेतलेल्या कंपनीमार्फत आलेला असतो. त्याचे मानधन महिनोन्महिने थकते, त्याची नेमणूक करारावर टिकून असते, आणि करार संपला की तो घरी जातो. त्याच्याबरोबर गावाच्या कारभाराची जाणही घरी जाते.

सरकारी कामाचे संगणकीकरण ठेक्यावर देणे आता नवे राहिलेले नाही. त्यावर चर्चा होते ती भ्रष्टाचाराची किंवा थकलेल्या मानधनाची. काम बाहेर गेले की कामाबद्दलचे ज्ञानही बाहेर जाते, हा मुद्दा मात्र मागे राहतो. याचा फटका सर्वांत आधी कागदावर आणि योजनेवर अवलंबून असणाऱ्यांना, म्हणजे आपल्या वस्तीला बसतो. म्हणून आपण हा विषय समजून घेतला पाहिजे.

संग्राम ते आपले सरकार

महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ म्हणजे ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला. काम महाऑनलाइनकडे होते. ही राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची संयुक्त कंपनी. गावोगावी परिचालक नेमले गेले आणि ग्रामपंचायतीचे नमुने, दाखले, हिशोब संगणकावर चढू लागले. २०१५ च्या अखेरीस प्रकल्पाची मुदत संपली. त्यानंतर ऑगस्ट २०१६ च्या शासन निर्णयाने ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रकल्प आला. या वेळी काम सीएससी ई-गव्हर्नन्स या दुसऱ्या कंपनीकडे गेले.

दोन व्यवस्थांच्या मधल्या महिन्यांत परिचालकांना काम नव्हते. कोणी दुकान टाकले, कोणी रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागले. चार-पाच वर्षे ज्यांनी गावाच्या नोंदी हाताळल्या, त्यांच्याकडून कामाची रीतसर सूत्रे घेणारे कोणी नव्हते, कारण सूत्रे द्यायची कोणाला हेच ठरलेले नव्हते.

नव्या प्रकल्पात ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून केंद्रासाठी दरमहा १२,३३१ रुपये भरायचे होते. परिचालकाच्या हाती त्यातले साधारण सहा-सात हजार पडत. म्हणजे पैसा गावाचा, माणूस बहुधा गावातलाच, पण नेमणूक कंपनीची. ग्रामपंचायतीने आम्हाला आपला कर्मचारी मानावे, या मागणीसाठी परिचालक वर्षानुवर्षे आंदोलन करत आले आहेत. ही मागणी पगाराची आहेच. पण गावाचे ज्ञान गावाच्या आस्थापनेवर असावे, असाही तिचा अर्थ होतो.

माहिती वेगळी, जाण वेगळी

"सगळा डेटा सर्व्हरवर आहे, माणूस गेला म्हणून काय बिघडते?" असे अधिकारी विचारतात. इथे माहिती आणि जाण यांत गल्लत होते.

नमुना ८ मध्ये घराची कर आकारणी असते. त्यात एकाच नावाचे दोन माणूस असतात, त्यातला कोणता कोणत्या वस्तीतला हे परिचालकाला माहीत असते. एखादे घर मयत आजीच्या नावावर आहे आणि वारसनोंद अडली आहे, हे त्याला ठाऊक असते. जुन्या रजिस्टरमधले कोणते पान चढवताना वगळले गेले, कोणती नोंद चुकीच्या शीर्षाखाली गेली, कोणत्या वर्षी सॉफ्टवेअर बदलले आणि आकडे का जुळत नाहीत, हे सारे त्याच्या डोक्यात असते. अभ्यासक अशा ज्ञानाला अव्यक्त ज्ञान म्हणतात. मायकेल पोलानी या विचारवंताने या कल्पनेची मांडणी केली. हे ज्ञान काम करता करता येते आणि कोणी मुद्दाम लिहून ठेवले नाही तर काम सोडताच नाहीसे होते.

आपल्यासाठी याचे एक ठोस उदाहरण आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती खर्च झाली का, किती वर्षांची शिल्लक आहे, हे तपासायचे तर मागील पाच-सात वर्षांचे हिशोब एका सलग रेषेत मांडावे लागतात. मध्येच प्रणाली बदलली, आरंभीच्या शिलकी पुन्हा टाकल्या गेल्या, आणि त्या का टाकल्या हे सांगणारा माणूस राहिला नाही, तर ग्रामसभेत उत्तर मिळते, "जुने रेकॉर्ड आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही." वस्तीतला रस्ता, समाजमंदिराची दुरुस्ती, पाण्याची टाकी हे सारे त्या एका वाक्याखाली गाडले जाते. कोणी पैसे खाल्ले असे सिद्ध करता येत नाही आणि खर्च झाला असेही सिद्ध होत नाही.

महाडीबीटीचा धडा

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपल्या विद्यार्थ्यांनी हे भोगले आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधी समाज कल्याण विभागाच्या ई-स्कॉलरशिप पोर्टलवरून मिळत होती. त्या पोर्टलमध्ये त्रुटी होत्याच, पण महाविद्यालयाचे लिपिक आणि समाज कल्याण कार्यालय यांना त्याची सवय झाली होती. २०१७-१८ पासून सगळ्या विभागांच्या योजना एकाच महाडीबीटी पोर्टलवर आणल्या. पहिल्याच वर्षी पोर्टल इतके अडखळले की शासनाला ऑफलाइन अर्ज घेण्याची वेळ आली. फी भरली नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडवल्याच्या तक्रारी त्या वर्षी गावोगावी होत्या.

नवे पोर्टल आणणे चूक नव्हते. पण शिष्यवृत्तीचे नियम बारीक असतात. गॅप असलेला विद्यार्थी, अभ्यासक्रम बदललेला विद्यार्थी, वसतिगृहात राहणारा आणि न राहणारा, दोन वर्षांचे अर्ज एकत्र आलेला, अशा शेकडो अपवादांवर समाज कल्याणमधल्या जुन्या माणसांनी वर्षानुवर्षे निर्णय घेतले होते. ते निर्णय कोणत्या तत्त्वावर घेतले, हे प्रणाली बनवणाऱ्यांपर्यंत लेखी पोहोचले नाही, तर सॉफ्टवेअर त्या विद्यार्थ्याला ओळखतच नाही. अर्ज ‘रिजेक्ट’ दाखवतो, कारण दाखवत नाही. कॉलेज म्हणते समाज कल्याणला जा, समाज कल्याण म्हणते हेल्पलाइनला फोन करा, आणि हेल्पलाइनवरचा ठेक्यावरचा मुलगा तिकीट क्रमांक देतो. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगळा, अशी पद्धत आल्यावर विचारण्याच्या जागा आणखी वाढल्या.

त्याच २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीचेही असेच झाले. सुमारे ३४ हजार कोटींची योजना जाहीर झाली आणि ऑनलाइन अर्ज भरून घेतले. पुढे बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना, एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसू लागले, याद्या परत गेल्या. कोणाचे कर्ज कोणत्या खात्यावर आहे हे गावच्या विकास सोसायटीच्या सचिवाला तोंडपाठ होते. त्याला कोणी वेळेत विचारले नाही.

परीक्षा घेणारेच बाहेरचे

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांना हा प्रश्न आणखी जवळून माहीत आहे. महापरीक्षा पोर्टलवरून सरळसेवा भरती सुरू झाली, तक्रारींचा डोंगर उभा राहिला आणि २०२० मध्ये ते पोर्टल बंद झाले. मग खासगी कंपन्यांना परीक्षा दिल्या. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला. म्हाडाची परीक्षा १२ डिसेंबर २०२१ च्या तोंडावर, आदल्या रात्री रद्द करावी लागली. परीक्षेचे काम घेतलेल्या कंपनीच्या संचालकालाच अटक झाली. त्यानंतर शासन टीसीएस आणि आयबीपीएस यांच्याकडे वळले.

प्रत्येक वेळी चर्चा ‘कंपनी चांगली की वाईट’ यावर झाली. प्रश्नपत्रिका कोण काढतो, ती कोणत्या टप्प्यावर किती जण पाहतात, केंद्र कसे तपासायचे, गुणांचे सामान्यीकरण कसे करायचे, हे ज्ञान शासनाच्या विभागात उरलेच नसेल, तर कंपनीने काय केले हे विभागाला तपासता कसे येणार? ज्याला काम कळत नाही, तो ठेकेदारावर देखरेख करू शकत नाही. तो फक्त बिल पास करतो. म्हणूनच परीक्षा लोकसेवा आयोगामार्फत घ्या, ही विद्यार्थ्यांची मागणी योग्य आहे. आयोगावरही टीका होते, पण चुकीचे उत्तर द्यायला ती संस्था पुढच्या वर्षीही जागेवर असते.

ब्रिटनमध्ये काय घडले

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशोबाची प्रणाली गावोगावच्या शाखांत बसवली. संगणकावर रक्कम कमी दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्या सब-पोस्टमास्तरांवर चोरीचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांना दोषी ठरवले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घर विकले, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की प्रणालीतच दोष होते आणि कंपनीची माणसे दुरून शाखेच्या हिशोबात बदल करू शकत होती. शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

पोस्ट ऑफिसला स्वतःच्या शाखेच्या सविस्तर नोंदी पाहायच्या तर कंपनीकडे मागणी करावी लागत होती. मशीन बरोबर की माणूस, हे ठरवण्याची क्षमता संस्थेने स्वतःजवळ ठेवली नव्हती. म्हणून तिने मशीनवर विश्वास ठेवला आणि माणसाला आरोपी केले. आपल्याकडे उद्या एखाद्या ग्रामपंचायतीत ऑनलाइन हिशोबात तफावत निघाली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण असेल? सहा-सात हजारांवर राबलेला परिचालक, किंवा ज्यांची स्वाक्षरी दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये होती ती राखीव जागेवर निवडून आलेली महिला सरपंच. याचा विचार आजच करायला हवा.

जमले तिथे का जमले?

याउलट उदाहरणेही आहेत. सातबारा संगणकीकरणाचे ई-फेरफार सॉफ्टवेअर पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सरकारच्याच संस्थेने तयार केले. महसूल खात्याचे अधिकारी आणि तलाठी त्या कामात सतत होते. २०१७ मध्ये गावोगावी सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले, चुका लोकांसमोर आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अजूनही चुका निघतात, दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. पण चूक कुठे झाली आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे तहसील कार्यालयात सांगता येते.

केरळने १९९९ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ ही स्वतंत्र संस्था उभी केली. जन्म-मृत्यू नोंदणीपासून पंचायतीच्या आराखड्यापर्यंतची सॉफ्टवेअर तिने केली, आणि १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेली ‘के-स्मार्ट’ प्रणालीही तिचीच. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण पंचायतीचे काम समजणारी आणि सॉफ्टवेअरही समजणारी एक संस्था पाव शतक टिकली, याचा फायदा त्या राज्याला झाला.

दोन्ही ठिकाणी काम समजणारी माणसे कायम राहिली, आणि बदल का केला याची नोंद राहण्याची सोय झाली.

जुन्या व्यवस्थेची सावली

ज्ञान कोणाकडे आणि मान कोणाकडे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. वतनी व्यवस्थेत गावाची शीव महाराला ठाऊक असे. दोन गावांत शिवेचा वाद झाला की त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. पण दफ्तर कुलकर्ण्याकडे होते. गाव ज्याच्या माहितीवर चालत होते त्याला ना दफ्तरात जागा होती ना ठरलेला पगार. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि हक्काच्या नावाने बलुते मागत फिरावे लागे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्ध. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले.

आजचा ठेका म्हणजे वतन नव्हे. त्यात जन्माची सक्ती नाही, सोडून जाता येते. तरी कामाची रचना ओळखीची वाटते: ज्याच्या जाणिवेवर कार्यालय चालते तो कार्यालयाचा नाही, काम ठरलेले नाही आणि मोबदल्यासाठी दारोदार जावे लागते. फरक एवढाच की दफ्तर आता कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

यात आरक्षणाचा प्रश्नही आहे. कायम पद असेल तर बिंदुनामावली लागते. ठेक्यावरच्या माणसाला कंपनी नेमते, तिथे बिंदुनामावली नसते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला होता. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द करत असल्याची घोषणा झाली. तो विजय खरा होता. पण प्रकल्पाच्या नावाने होणारी कंत्राटी भरती थांबलेली नाही. ठेकेदारीमुळे आपली नोकरी जाते आणि शासनाची समजही जाते. आपल्या आंदोलनांनी दुसरा मुद्दाही मांडला, तर नोकरी न मागणारा नागरिकही आपल्या बाजूला येईल.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, कायम कर्मचारी तरी काय करतात? फाइल दाबून बसणारा लिपिक सगळ्यांनी पाहिला आहे. ठेक्यावरचा परिचालक निदान काम करून देतो. हे खरे आहे. एका कायम माणसाच्या डोक्यात ज्ञान अडकणे आणि एका ठेकेदाराच्या सर्व्हरवर अडकणे, दोन्ही वाईटच. सगळे काम सरकारने स्वतः करावे असेही नाही. सर्व्हर, नेटवर्क, काही सॉफ्टवेअर बाहेरून घेणे रास्त आहे. मात्र नियम काय आहेत, नोंदी कुठे आहेत आणि प्रणाली चुकली तर कसे ओळखायचे, या तीन गोष्टी कार्यालयात, लेखी आणि किमान दोन माणसांकडे असल्या पाहिजेत.

आपण काय करायचे?

पहिले काम ग्रामसभेत. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: ग्रामपंचायतीचे सर्व लॉगिन कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या मोबाइल क्रमांकावर असावेत, डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल ज्याचे त्याच्याच ताब्यात असावे, आणि कोणकोणत्या प्रणालीत गावाची कोणती नोंद आहे याचे एक रजिस्टर असावे. याला निधी लागत नाही.

दुसरे, १५ टक्के निधीचे चावडी वाचन मागा. मागील पाच वर्षांचे उत्पन्न, १५ टक्के रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक एका कागदावर घेऊन तो ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडायला लावा. पुढे प्रणाली बदलली तरी तो कागद राहील.

तिसरे, माहितीचा अधिकार. दहा रुपयांच्या अर्जात जिल्हा परिषद, समाज कल्याण किंवा संबंधित विभागाला विचारा: कंपनीसोबतच्या कराराची प्रत द्या. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणाच्या मालकीचा आहे? करार संपल्यावर हस्तांतर कसे होणार, त्याला किती दिवसांची मुदत आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत शेवटचे बिल रोखण्याची अट आहे का? केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे आणि सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा आधार घ्या.

चौथे, परिचालकांच्या मागणीला पाठिंबा द्या आणि त्यांच्याशी बोला. आपल्या गावातला परिचालक काम सोडणार असेल, तर त्याच्या शेजारी दोन दिवस बसा आणि वहीत लिहून घ्या: कोणती नोंद कुठे आहे, काय अर्धवट आहे, काय जुळत नाही. ही वही ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरला नोंदवून कार्यालयात जमा करा.

पाचवे काम आपल्या शिकलेल्या मुला-मुलींसाठी आहे. शिरूर, दौंडमधून पुण्याच्या आयटी कंपन्यांत जाणारी आपली मुले आता कमी नाहीत. प्रणाली कशी हस्तांतरित करतात, दस्तऐवज कसे लिहितात, हे त्यांचे रोजचे काम आहे. महिन्यातला एक रविवार त्यांनी गावाच्या रजिस्टरला दिला, तर माहिती अधिकारात आलेला करार वाचून त्यातली पळवाट दाखवणारी माणसे चळवळीकडे तयार होतील. मोर्चाला माणसे जमवणे आपल्याला जमते. करार वाचणारी माणसे अजून कमी पडतात, आणि पुढच्या ग्रामसभेपर्यंत त्यातली दोन-तीन तरी प्रत्येक गावात उभी करता येतील.